झोप लागती का नीट?

मागच्या वर्षी आमच्या गावातली आशाताई आईकडे फॉर्म भरायला आली होती. तिशीच्या पुढच्या सगळ्यांचा भरतात तो. तंबाखू खाता का, कंबरेचा घेर किती, घरात कुणाला बीपी-शुगर, आठवड्यात व्यायाम किती, असं सगळं असतं त्यात आणि शेवटाकडे दोन प्रश्न मनाबद्दलचे असतात, गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही असं झालं का आणि उदास किंवा निराश वाटलं का. मी सुट्टीला गेले होते, पडवीत शेंगा फोडत बसले होते, त्यामुळे हे सगळं माझ्यासमोर झालं. आशाताईने कंबरेपर्यंतचे प्रश्न भराभर विचारले, आईनेही भराभर उत्तरं दिली. मग ती त्या दोन प्रश्नांवर आली आणि थांबली. कागद उलटा करून मांडीवर ठेवला, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "काकी, झोप लागती का नीट?"

आई म्हणाली, "कुठली झोप बाई. दोन वाजलं की उठती मी. कडी बघती दाराची."

"का वो?"

आणि माझी आई, जी चाळीसहून जास्त वर्षं या विषयावर गावातल्या एका माणसाशी बोलली नव्हती, ती पाऊण तास बोलली. मी शेंगा फोडायच्या थांबले होते. मला कळत होतं की मी हलले तर ती गप्प होईल.

ती कडी माझ्या आत्यासाठी होती. आत्या वारली २०१९ ला. तरी आईची रात्रीची दोनची जाग तशीच राहिलेली, आणि आम्हा मुलांपैकी कुणालाच ते माहीत नव्हतं. आम्ही फोनवर काय विचारायचो तर गोळी घेतली का, गुडघा कसा आहे, लाईट आहे का. झोपेचं कधी विचारलंच नाही.

आत्याबद्दल सांगते, कारण तिच्याशिवाय मला या विषयावर बोलायचा काही हक्कच नाही असं वाटतं.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. मी दीड-दोन वर्षांची असताना तिला सासरहून परत आणून सोडलं, १९८१ साली. तिला आवाज ऐकू यायचे. विहिरीपाशी उभी राहून ती कुणाशी तरी बोलायची, जेवणात काहीतरी घातलंय म्हणून ताट सरकवायची, रात्री दार उघडून चालायला लागायची, एकदा तर पार घाटाच्या पायथ्याशी सापडली. आधी सगळ्यांनी बाहेरचं आहे असं ठरवलं. गावात कुणाला काही सुचत नसलं की 'बाहेरचं' म्हणतात. मग दोन वर्षं देवरुषी, उतारे, अंगारे, एका देवस्थानात सव्वा महिना मुक्काम, आणि एका माणसाने तिला कोंडून मिरचीची धुरी दिली. त्या धुरीची गोष्ट मला आज्जीने पुष्कळ वर्षांनी सांगितली, सांगताना तिने पदर तोंडावर धरला होता, जणू धूर अजून घरात होता. २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला त्याच्या अनुसूचीत भूत उतरवायच्या नावाखाली दोरखंडाने-साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं हे पहिल्याच कलमात आहे. तो कायदा व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झगडले आणि त्यांचा खून झाल्यावर चार दिवसांत त्याचा अध्यादेश निघाला. ते कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ऑफिसात होते, मला उठून बाहेर जावं लागलं. कारण ती यादी म्हणजे आमच्या घराची गोष्ट होती.

पुढे जिल्ह्याच्या गावी डॉक्टर मिळाले, महिन्याचं इंजेक्शन सुरू झालं, गोळ्या सुरू झाल्या आणि आत्या खरंच सावरली. पण सावरली की घरचे गोळ्या बंद करायचे, बरी झाली आता कशाला, आणि पाच-सहा महिन्यांत परत तेच. हे बीपीच्या गोळीसारखं आहे, चालूच ठेवायचं असतं, हे आम्हाला कुणी बसवून समजावलंच नाही. किंवा एकदा घाईत सांगितलं असेल, बाहेर रांग असताना, आणि वडिलांना ते कळलं नसेल. गोळ्यांनी हात थरथरायचे, चालताना पाय घासत चालायची, तोंडातून लाळ यायची, आणि गावाला दिसायचं ते एवढंच. आजार नाही दिसायचा, गोळीचा परिणाम दिसायचा आणि त्यालाच येड म्हणायचे.

एक प्रसंग मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलाय. २००१ मध्ये मला बघायला पाहुणे येणार होते. सकाळपासून घरात गडबड, नवीन चादरी, उसन्या खुर्च्या, आणि अकरा वाजता वडिलांनी आत्याला माडीवर नेलं आणि बाहेरून कडी घातली. कुणी मोठ्याने काही बोललं नाही, सगळ्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, खाली मान घालून बसले आणि वरून टकटक ऐकू यायला लागली. जोरात नाही, बोटाच्या पेराने केल्यासारखी, हळू. पाहुण्यांनी वर बघितलं तर वडील म्हणाले माडीवर शेंगा वाळत घातल्यात, उंदीर लागलेत. पाहुणे गेल्यावर मी पळत वर गेले, कडी काढली, तर आत्या नवीन पातळ नेसून बसलेली, केसाला तेल लावलेलं, तिने विचारलं, "झालं का गं? पोहे उरलेत का?" तिला वाटलं होतं की तिलाही खाली बोलावतील.

लग्न जमलं. सासरी सांगितलं होतं की आत्याला ऐकायला कमी येतं. त्यामुळे माझे सासरे गावी आले की तिच्याशी खूप मोठ्या आवाजात, खूप मायेने बोलायचे. सहा वर्षं मी ते बघत राहिले आणि तोंड उघडलं नाही.

आपल्या भाषेत या आजाराचं काय केलंय बघा. ठाणे, येरवडा, रत्नागिरी, नागपूर या चार ठिकाणी सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत आणि त्या त्या भागात गावांची नावंच शिव्या होऊन बसली. मुंबईकडे 'ठाण्याला पाठवायला पाहिजे याला', आमच्याकडे 'येरवड्याला टाका', कोकणात तेच रत्नागिरीचं. आम्ही शाळेत भांडताना बिनधास्त म्हणायचो एकमेकांना. मी पण म्हणायचे, घरी आत्या असून. आणि त्याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी आयपीएच ही संस्था काढली, जिथे नुसता आजार झाल्यावर नाही तर मन धडधाकट राहावं म्हणूनही लोक जातात. त्याच येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, दारूतून माणसं बाहेर काढायला, आणि तिथे पेशंटच्या बायकांचा वेगळा गट झाला, सहचरी नावाचा. सहचरी! 'बेवड्याची बायको'च्या जागी हा शब्द ठेवून बघा. लोकांना वाटतं शब्दांनी काय होतं. माझं मत आहे की घरातली बाई मान वर करून बसणार की पदरात तोंड लपवणार हे बऱ्याचदा शब्दांनीच ठरतं.

२००७ मध्ये आज्जी गेली आणि आई-वडील आत्याला घेऊन आमच्याकडे पुण्याला आले. तेव्हा मग नवऱ्याला सगळं सांगावंच लागलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे बाबा सहा वर्षं उगाच ओरडत होते?" एवढंच. आम्ही इतकी वर्षं जे दडवलं त्याची किंमत त्याच्या लेखी एवढीच होती. पण सगळ्यांचं असं होत नाही हेही मला माहीत आहे, माझ्या ओळखीत याच एका कारणावरून मोडलेली लग्नं आहेत.

पुण्यातच मला कुणीतरी स्वमदत गटाबद्दल सांगितलं. मी आणि आई गेलो. एका हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, मधे टेबल नाही, पंखा खडखड वाजत होता आणि कोपऱ्यात थर्मासमध्ये चहा. मला वाटलं भाषण असेल. भाषण नव्हतंच. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर होते, त्यांनी सुरुवात केली, माझा मुलगा एकोणतीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आजार सुरू झाला, सध्या गोळ्या चालू आहेत, या आठवड्यात त्याने स्वतःहून दाढी केली. आणि हॉलमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाढी केली म्हणून. आईने माझा हात धरला, कारण तिला बरोब्बर कळलं होतं टाळ्या कशाला आहेत. ज्या घरात हा आजार नाही त्यांना नाही कळणार की आठ महिन्यांनी स्वतःहून केलेली दाढी काय चीज असते.

तिथेच आम्ही ते दोन शब्द पहिल्यांदा ऐकले. ज्याला आजार आहे तो शुभार्थी आणि त्याची काळजी घेणारा तो शुभंकर. हे शब्द आता महाराष्ट्रात बऱ्यापैकी पसरलेत, पार्किन्सन्सच्या मित्रमंडळातसुद्धा वापरतात. आईला शुभंकर म्हणताना सुरुवातीला लाज वाटायची, ती म्हणायची मी कसली शुभंकर, मी कडी घालणारी. ते ऐकून एक बाई म्हणाल्या, अहो कडी आम्ही पण घातलीय, म्हणून तर इथे आलोय. मग त्या दिवशी कडीवरच सगळी चर्चा झाली. कुणी सांगितलं आम्ही बाहेरची कडी काढून टाकली आणि दाराला घुंगरू बांधलं, उघडलं की कळतं. कुणी सांगितलं गळ्यात नाव-फोन नंबरचं लॉकेट घातलं. आईने घरी येऊन पहिलं काय केलं असेल तर दाराला घुंगरू बांधलं, आमच्या गाईच्या गळ्यातलं होतं ते, गावाहून मागवून घेतलं. डॉक्टर चांगले होते आमचे, तक्रार नाही, पण घुंगराची आयडिया डॉक्टर कुठून देणार?

पुण्यातलं हे काम कुठून उभं राहिलं ते नंतर कळलं. डॉ. जगन्नाथ वाणी म्हणून गृहस्थ होते, कॅनडात कॅलगरीला संख्याशास्त्राचे प्रोफेसर. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता, आत्याला होता तोच आजार. त्यांनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू करून दिली. म्हणजे बघा, आकडेमोड करणारा माणूस, मानसोपचाराशी धंद्याने काही संबंध नाही, पण घरात सोसलं म्हणून काम उभं केलं. या क्षेत्रात असे खूप आहेत, ज्यांच्या घराच्या माडीवर कुणीतरी होतं.

गटात आणखी एक फायदा व्हायचा, कागदपत्रांचा. मानसिक आजारालासुद्धा दिव्यांग प्रमाणपत्र मिळतं, चाळीस टक्के किंवा जास्त असेल तर सवलती मिळतात, हे आम्हाला तिथे कळलं, अठ्ठावीस वर्षांनी. निराधार योजनेचा अर्ज कसा करायचा, बोर्डासमोर काय विचारतात, कोणते कागद न्यायचे, हे सगळं त्या एसटीवाल्या काकांनी वहीत लिहून दिलं. मला वाटतं कलंक-बिलंक हे मोठे शब्द आपण वापरतो पण घरच्यांचं अर्धं ओझं कुठे जायचं, कुणाला विचारायचं हे माहीत नसण्याचं असतं.

आणि तिथे एक गोष्ट घडली. आत्याला घेऊन गेलो होतो तेव्हा गट घेणाऱ्या ताईंनी थेट तिच्याकडे बघून विचारलं, "तुमचं नाव काय?" आम्ही दोघी एकदम उत्तर द्यायला लागलो, सवयीने, आणि ताईंनी हाताने आम्हाला थांबवलं. आत्या खूप वेळ बसून राहिली. पंखा वाजत होता. मग तिने नाव सांगितलं, आपलं, वडिलांचं आणि माहेरचं आडनाव, शाळेत हजेरीला सांगतात तसं पूर्ण. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी तिच्या तोंडून तिचं नाव ऐकलं नव्हतं. गावात ती येडी होती, घरात 'ती' होती, आम्हाला आत्या. ते नाव इथे लिहावंसं खूप वाटतंय, पण लिहू का असं तिला विचारायचं राहून गेलं.

फक्त आई तिला शेवटपर्यंत वन्सं म्हणायची. नणंदेला म्हणतात तसं, मानाने. रात्री रस्त्यात पळत जाऊन हात धरून आणायची तेव्हाही "चला वन्सं, घरी चला" असंच. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटायचं नाही. आता वाटतं की आमच्या घरात हे काम करणारी पहिली बाई ती होती, तिला कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं एवढंच.

शहरात गट मिळतो. गावाचं काय, हा प्रश्न मला सतत पडायचा, म्हणून मग जिथे मिळेल तिथे वाचायला लागले, लोकांना विचारायला लागले. बंगळुरूच्या निम्हान्स या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मोठं मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, प्रौढांमध्ये १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि डिप्रेशन-चिंतेसारखे नेहमीचे आजार असणाऱ्या दर शंभरातल्या जवळजवळ पंच्याऐंशी लोकांना उपचार मिळत नव्हते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपल्याकडे फार वेगळं असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. एवढ्या लोकांना पुरतील एवढे सायकियाट्रिस्ट आणायचे कुठून? म्हणजे गावातल्याच माणसांना शिकवलं पाहिजे, दुसरा रस्ता नाही.

आणि ते झालंय, आपल्याकडेच झालंय. अमरावती जिल्ह्यात तीस गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला, शेतकरी आत्महत्यांचा तोच पट्टा. गावातलेच कार्यकर्ते घरोघर जायचे, लहान लहान बैठका घ्यायचे, ऐकून घ्यायचे, ज्याला जास्त गरज त्याला समुपदेशकाकडे आणि मग डॉक्टरकडे न्यायचे. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण कुणाकडे मदत मागत होते, दीड वर्षात ते सत्तावीसवर गेलं. सत्तावीस म्हणजे अजून त्र्याहत्तर बाकी आहेत हे खरंय. पण चारचे सत्तावीस होतात, आणि ते आपल्या विदर्भात होतात, हे मला फार मोठं वाटतं.

नाशिकच्या पेठ तालुक्यात, आदिवासी भाग, तिथे आत्मीयता नावाचं काम झालं २०१३ ते १५ च्या सुमारास, एक्केचाळीस गावांत. पुण्याच्या आयएलएस लॉ कॉलेजच्या केंद्राने केलेलं. लॉ कॉलेज आणि मनाचं आरोग्य, मला आधी नवल वाटलं होतं. त्यात गावातल्या लोकांच्या दोन फळ्या होत्या, मित्र लोकांनी कोण त्रासात आहे ते हेरायचं आणि चॅम्पियननी चार-सहा वेळा जाऊन बसायचं, बोलायचं. मोबाईलवर छोट्या फिल्म दाखवायचे, दारूवर, घरातल्या भांडणांवर. आणि सरकारी योजनांचे अर्ज भरून द्यायला मदत करायचे. हे वाचून मला आमचे एसटीवाले काका आठवले. साताऱ्यात परिवर्तन संस्थेचे मानसमित्र आहेत, डॉ. हमीद दाभोलकरांचं काम, साधी माणसं, पेशंट आणि डॉक्टरच्या मधला पूल. आमच्या जिल्ह्यात. आत्याच्या वेळी असा कुणी एक जण आमच्या दारात आला असता तर ती धुरी टळली असती का हा विचार मी करायचा नाही असं ठरवते आणि परत करते.

या सगळ्यात मला एक समान धागा दिसतो तो झोपेचा आहे. म्हणजे असं, की गोव्यात संगाथ नावाच्या संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत साध्या शिकलेल्या मुलींना समुपदेशक केलं, तिथेही लोकांशी बोलताना मानसिक आजार, डिप्रेशन असं न म्हणता टेन्शन म्हणायचे. टेन्शन कुणालाही असतं. टेन्शन आहे म्हणायला लाज नाही. तसंच झोप लागत नाही, भूक मेलीय, डोकं भणभणतंय, जीव लागत नाही, छातीत धडधडतंय, काळजाला घोर लागलाय, ही सगळी आपल्या बायका रोज बोलतात ती वाक्यं आहेत. ती ऐकून कुणी गोळी देतं, कुणी म्हणतं देवाचं नाव घ्या. त्या वाक्यांच्या मागे दार आहे हे ज्याला कळलं तो खरा कार्यकर्ता. आमच्या आशाताईला ते कुणी शिकवलं की तिचं तिला सुचलं, मी विचारलं तर म्हणाली, "ताई, कागदावरचं विचारलं की बाया म्हणत्यात आमाला काय धाड भरलीय. झोपंचं विचारलं की रडत्यात."

काही लोकांना हे पटत नाही, माझ्या एका मैत्रिणीला तर अजिबात नाही. ती म्हणते आजाराचं नाव स्पष्ट घ्यायला पाहिजे, टेन्शन टेन्शन म्हणून तुम्ही लपवतच आहात की. तिचं चूक नाही. स्किझोफ्रेनियाला टेन्शन म्हणून चालणार नाही, आत्याला टेन्शन नव्हतं, तिला आजार होता आणि त्याला औषधच लागतं. पण दाराबाहेर उभं राहून नाव घेऊन काय उपयोग? आधी पडवीत बसायला मिळू दे, नाव नंतर सांगता येतं. सांगितलंच पाहिजे, ते खरं.

आणि हेही म्हणते की सगळं आशाताईच्या डोक्यावर टाकू नका. लसीकरण ती, गरोदर बायका ती, टीबी ती, सर्व्हे ती, आणि मोबदल्यासाठी परत मोर्चे काढायचे तेही तिनेच. आईशी ती पाऊण तास बोलली त्याचा तिला एक रुपया मिळाला नसणार. ज्या दोन प्रश्नांच्या चौकटी तिला भरायच्या होत्या त्याला अर्धा मिनिट लागला असता. शिवाय तिने कुणाला पुढे पाठवलं आणि तिथे औषधच नसलं तर? आमच्या वेळी हे झालंय, दोन बसेस बदलून गेलो आणि खिडकीवर सांगितलं की गोळ्या संपल्यात, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यापर्यंत आजार थांबत नाही. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाला, रॅली काढतात, फलक धरून मुलं उन्हात चालतात, वाईट नाही ते, पण त्या दिवशी खिडकीवर गोळ्या आहेत का हेही कुणीतरी बघावं.

आता १४४१६ नंबर आहे, टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासाबद्दल फोनवर बोलायची सरकारी सोय, २०२२ पासून चालू झालाय, फुकट, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात. मी तो कागदावर लिहून आईच्या देवघराशेजारी चिकटवलाय. तिने अजून लावला नाही. पण गटातल्या दोघींना दिला.

हो, गटातल्या. त्या पाऊण तासानंतर आशाताईने आईला बचत गटात ओढलं. आई पंच्याहत्तरीकडे आलीय, तिला म्हटलं आता कशाला बचत, तर आशाताई म्हणाली बचतीला नको, बोलायला या. दर महिन्याच्या मीटिंगला हप्ते झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, उशिरा येणारीचा दहा रुपये दंड झाला की शेवटी थोडा वेळ नुसतं बसायचं असं त्यांनी ठरवलंय. त्याला काही नाव नाही. अजेंड्यावर नाही. पहिल्या दोन मीटिंगला कुणी काही बोललं नाही, चहा पिऊन गेल्या. तिसऱ्या मीटिंगला आई बोलली. मला फोनवर तिनेच सांगितलं. म्हणाली, मी सांगितलं की आमच्या वन्संना आजार होता, बाहेरचं-बिहेरचं काही नव्हतं, आणि आम्ही त्यांना कोंडत होतो, ते करायला नको होतं. मग बायका काय म्हणाल्या, मी विचारलं. तर म्हणाली, काय म्हणणार, एक-दोघींनी सांगितलं आम्हाला माहीतच होतं, टकटक ऐकू यायची.

गावाला सगळं माहीत होतं. आम्हीच अडतीस वर्षं उंदीर-उंदीर म्हणत बसलो होतो, आणि त्यांनीही आमच्यासाठी उंदीरच म्हटलं. हे मला अजून पचलेलं नाही. त्यांच्यातल्या एकीने जरी वर येऊन कडी काढली असती. किंवा आम्हीच खाली येऊन सांगितलं असतं.

आईची झोप अजून तशीच आहे म्हणते, दोनला जाग येते. पण आता उठून कडी बघत नाही, पडून राहते, कधीकधी परत डोळा लागतो. तपासून घेतलं, डॉक्टरांनी थोड्या दिवसांची गोळी दिलीय, ती घेते. घेते हे शेजारणीला सांगते.

मागच्या महिन्यात मी गेले होते तेव्हा मीटिंग समाजमंदिरात होती, मी न्यायला गेले आईला. सगळ्या उठल्या, चपला शोधायला लागल्या, अंधार पडत आला होता. एक तरुण सून, नवीनच असावी, लांब उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. आईपाशी येऊन म्हणाली, "काकी, जरा थांबता का?" आईने माझ्याकडे बघितलं.

"तू हो पुढं," म्हणाली, "मी येती. दाराला कडी घालू नको."